दत्तूनं निवडलेले हातमोजे

दोर गप्प झाला. दत्तूनं तो एकदा हलकेच ओढून विचारलं, खालून उत्तर आलं नाही. पुन्हा ओढला. पुन्हा काही नाही. पाण्यावर बुडबुडे येत होते, म्हणजे आमचे हे खाली श्वास घेत होते, पण त्यांचा हात दोराला लागत नव्हता. जानेवारी महिना, दिल्लीजवळ मुरादनगरच्या अलीकडे गंगेचा कालवा, डोंगरातून आलेलं पाणी, आणि धुकं एवढं की पलीकडचा काठ दिसेना. मी आणि दत्तूची बायको सुमन गरम पाण्याचे थर्मास घेऊन काठावर उभ्या होतो. "ओढा ना वर!" मी ओरडले. "वहिनी, ते कशात अडकलेत ते ठाऊक नसताना ओढलं तर तोंडातली नळी सुटेल," असं म्हणून त्यानं दोर माझ्या हातात दिला. "धरा. बाजारातून म्हैस आणताना धरतात तसा नाही, हलका धरा." अशा वेळीसुद्धा त्याला थट्टा सुचली. आणि यांच्या हातातले मोजे दत्तूनंच निवडलेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक असल्या गोष्टी गाळतात.

दत्तू गेला त्याला आता दीडेक महिना झाला. मी सकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात सुमनचा फोन आला. "वहिनी, आमचे हे गेले." मी विचारलं, कसे? "झोपेतच." मी म्हटलं, बरं झालं, हाल झाले नाहीत. ती म्हणाली, "बाकी सगळे रडतील. तुम्ही असंच काहीतरी बोलाल, म्हणून पहिला फोन तुम्हाला केला." तेराव्याला लोक आले, दत्तू किती सज्जन, किती देवभोळा, असं बोलून गेले. देवभोळा तो नव्हता. सज्जन होता, पण बडबड्या आणि हट्टी. आणि त्याच्याबरोबर काढलेली वर्षं अशी होती की आज आठवलं तरी मला बसवत नाही, उठून खोलीत फेऱ्या माराव्याशा वाटतात.

तो पलटणीत आला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. आमचे हे पाण्यात उतरणाऱ्यांना शिकवायचे, म्हणून तो यांना उस्ताद म्हणायला लागला, तो शेवटपर्यंत. मी तोंडावर भाऊजी म्हणायची, मागे नुसता दत्तू. त्याची आई साताऱ्याकडच्या आठवडी बाजारात बायकांना बांगड्या भरायची. लहानपणी तिच्या पाटीशेजारी बसून बसून ह्याची नजर अशी तयार झाली होती की बाईचा हात पाहिला की माप सांगायचा. दिल्ली कँटोन्मेंटमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की बायका मुद्दाम त्याला बोलवायच्या. "दत्तूभाऊजी, माझा सांगा." "दोन-सहा. दुकानदार दोन-आठ देईल, घेऊ नका." एक सुभेदारीण म्हणाली, माझं तर दोन-चार आहे. हा म्हणाला, "होतं, ताई. लग्नात." ती बाई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. आईचं एक वाक्य तो वेदवाक्यासारखं सांगायचा: हातात फिरते ती बांगडी फुटते. बांगडी अशी हवी की साबण लावून, अंगठ्याचं मूळ दाबून, डोळ्यांत पाणी आणून चढली पाहिजे. मग ती वर्षभर हलत नाही.

दोघं पुढेमागे पेन्शनीत निघाले आणि दोघांनीही गावी जायचं नाकारलं. गाझियाबादच्या बाजूला तेव्हा शेतं बुजवून वसाहती उठत होत्या. आम्ही तिथल्या वैशाली वसाहतीत घर घेतलं तेव्हा खिडकीतून मोहरीचं शेत दिसायचं, पुढच्या हिवाळ्यात तिथे चार मजले उभे होते. रोज नवीन काहीतरी. कोणाकडे केबल, कोणाकडे मारुती, कोणाच्या दारात परदेशी थंड पेयाची क्रेट. आणि जिथे तिथे पाणी पाहिजे! टाक्या, विहिरी, पंप, कालव्यावरच्या जाळ्या. पाण्याखाली उतरून काम करणारी माणसं ठेकेदारांना मिळत नव्हती. दत्तू एक दिवस धापा टाकत आमच्या जिन्यावरून वर आला. "उस्ताद, आपण दोघं काय दुकानाबाहेर बंदूक घेऊन उभे राहणार? चलो, आपलं काम आपण करू!" सिलिंडर आले, रबरी पोशाख आले, आमच्या न्हाणीघरात कपड्यांऐवजी ते काळे पोशाख वाळायला लागले. धुणंवाली पहिल्या दिवशी किंचाळली, तिला वाटलं कोणी माणूस टांगलाय.

अडचण हातांची होती. बाकी अंगाला रबर, पण हातांना लोकरीचे मोजे आणि त्यावर वायरमनचे रबरी. आत पाणी शिरलं की ते तिथेच खेळत राहायचं. आमचे हे म्हणायचे, हातात ओली मांजर धरून काम करतोय. थंडीतली कामं सोडून द्यावी लागत, आणि जाळ्या तुंबतात त्या नेमक्या थंडीच्या तोंडाशी. नवरात्रीपासून छठपर्यंत लोक मूर्ती सोडतात, चुनऱ्या सोडतात, नायलॉनच्या दोऱ्यांत बांधलेले हार सोडतात. सगळं वाहत येऊन जाळीला बसतं.

मग एक दिवस दत्तू बातमी घेऊन आला. करोल बागेत एका दुकानात बाहेरचा माल आलाय, त्यात थंड पाण्याचे हातमोजे आहेत. आम्ही चौघं बस बदलत गेलो. दिवाळीची गर्दी, सुमनची चप्पल तुटली, ती हातात घेऊन चालली, पण थांबायला कोणी तयार नाही. दुकान वरच्या मजल्यावर, खाली मोटारसायकलचे सुटे भाग. दुकानदारानं गोणी उलटी केली आणि काळे हात सगळ्या गादीवर पसरले! स्पंजासारखं रबर, आत बारीक बुडबुडे भरलेलं. पातळ पाच बोटांचे, जाड पाच बोटांचे, आणि तीन कप्प्यांचे, ज्यात अंगठा वेगळा, एक बोट वेगळं आणि बाकीची एकत्र. मी ते घालून पाहिले, भाकरी थापायलासुद्धा चालले नसते. पण ऊब अशी की काढवेनात. दुकानदार म्हणाला, "ले जाओ फौजी साहब, समंदर वाले गोरे यही पहनते हैं." दत्तूनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यानं यांचा हात धरला, अंगठ्याचं मूळ दाबलं, बोटं एकावर एक घेतली आणि जाड मोजा चढवला, अगदी आईनं चुडा भरावा तसा. हे म्हणाले, "आवळतोय रे." "आवळणारच, उस्ताद! ढिला घेतला की पाणी शिरतं. हातात फिरेल तो काय कामाचा?" यांना पटलं. आम्हा सगळ्यांनाच पटलं. दोघांसाठी तसाच घट्ट एकेक जोड घेतला, शिवाय एक तीन कप्प्यांचा.

घरी आल्यावर परीक्षा घ्यायचीच, असं ठरलं. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, फोडून टबात टाकली, अंगणात अख्खी बिल्डिंग जमा. मोजा घालून हात बर्फात बुडवायचा आणि तिथेच सेफ्टी पिन उघडून दाखवायची. पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळ्यांनी हात घातले. तीन कप्प्यांच्यात पिन कोणालाच सापडेना. लोकरीच्यात हात घातला की माणूस "हाय राम" म्हणून बाहेर. घट्ट मोज्यात मात्र पाण्याचा थेंब शिरला नाही, पिन उघडली, टाळ्या पडल्या, दत्तूनं सुमनला उचलून गोल फिरवलं आणि ती लाजून शिव्या देत घरात पळाली. पण बर्फात हात कोणी किती ठेवणार? चकली तळून होईल एवढाही वेळ कोणी ठेवला नव्हता. हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

दत्तू पुढे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मोजे कसे निवडायचे ते शिकवायचा. दुकानात मोजा घालून मूठ मिटा, बोटं पसरा, बोटांच्या टोकाशी रिकामी जागा नको, पण मनगटाची नाडी दबायला नको. मग घरी तो घालून निवांत कपभर चहा प्या. चहा संपेस्तोवर मुंग्या आल्या तर मोजा परत करा, कितीही भारी असला तरी. रबर घट्ट असेल तर ते थंडी बाहेर ठेवतं आणि रक्तही बाहेर ठेवतं. हे शहाणपण त्याला कालव्यानं शिकवलं.

त्या दिवशी कालव्याचं फाटक टाकून पाणी थांबवलं होतं. आधी हे उतरले, जाळी साफ करायला. मोज्यांत थर्मासमधलं गरम पाणी ओतून मग हात घातले, ती युक्ती सुमनची. सुरुवातीला दोर छान बोलत होता. मग उत्तरं उशिरा यायला लागली, आणि मग आलीच नाहीत. दत्तूचा पोशाख अंगावर होता, सिलिंडर तयार होतं. त्यानं पेटी उघडली. आपला घट्ट जोड उचलला, अर्धा चढवला... आणि थांबला. मी पाहिलं, त्याचं तोंड बदललं. त्यानं तो ओढून काढला आणि चिखलात भिरकावला. डाव्या हातात तीन कप्प्यांचा जाड मोजा घातला, जाळीला धरून राहायला. उजवा हात तसाच उघडा ठेवला, त्यात चाकू. सुमन म्हणाली, "अहो, हात गोठेल!" "गोठायच्या आत काम होईल," म्हणाला, आणि गेला.

यांचा दोर माझ्या हातात, त्याचा सुमनच्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. बुडबुडे दोन ठिकाणी होते, ते सरकत सरकत एका ठिकाणी आले. मला देवाचं नाव आठवलं नाही, मला फक्त एवढं आठवत होतं की चार वेळा ओढ आली तर वर घ्यायचं. सुमन पुटपुटत होती, "घाई करा हो, घाई करा." आणि मग आली! एक, दोन, तीन, चार, अशी जोरात की दोर तळहातात रुतला. दोघी आणि ठेकेदाराचा चौकीदार, तिघांनी जीव खाऊन ओढलं. आधी यांचं डोकं वर आलं, मग त्याचं. यांच्या पायाला आणि सिलिंडरला चुनऱ्यांच्या नायलॉनचा विळखा बसला होता, दत्तूनं कापलेली त्याची टोकं लोंबत होती. यांचा स्वतःचा चाकू सुन्न बोटांतून कधीच गळून गेला होता, दोर पकडायला मूठ मिटत नव्हती.

मोजे यांच्या हातातून निघेनात. दत्तूनं ते सरळ कापले, नवे कोरे. आत बोटं सोललेल्या लसणीसारखी. मी ते हात माझ्या शालीत घेतले, काखेत धरले. चौकीदारानं मान फिरवली, फिरवू दे. हे दात वाजवत म्हणाले, "चाकू... पडला." दत्तूचा उजवा हात जांभळा झाला होता, जाळीच्या तारेनं चिरलाही होता, पण तो त्याच्याकडे बघेचना. माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. "वहिनी, मारा मला. मापाची चूक माझी." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला भाऊजी म्हटलं नाही. "आधी चहा पी रे मेल्या, मग मारते," म्हटलं. सुमन रडता रडता हसायला लागली, आणि तिनं थर्मास आधी उलटाच उघडला.

पाण्यात दोघे उतरले होते. दोघेही जगले.