लाईन बंद असलेली दाढ

"तोंड उघडा."

"अगं, काही नाही तोंडात."

"काही नाही तर उघडायला काय जातंय तुमचं? आणि मग हे काय आहे?"

बायकोच्या तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढा लाल प्लास्टिकचा तुकडा होता. वायरीचं कोटिंग. मिठाच्या कोमट पाण्यानं त्यानं चूळ भरली आणि तुकडा बेसिनमध्ये पडला, हे दोघांनीही पाहिलं होतं. नाही म्हणायला जागाच नव्हती. तरी तो नाही म्हणत होता, कारण आज दिवसभरात दातांनी वायर सोलल्याचं त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

"वायर सोलायला स्ट्रिपरच वापरला मी. तुझी शपथ."

"माझी कशाला? माझे दात चांगले आहेत."

ती पाळणाघरात कामाला होती. पोरांच्या गालात बोट घालून बटणं, खडू, खोडरबराचे तुकडे बाहेर काढण्यात तिचा हातखंडा. पोरं बरी, पकडल्यावर तोंड तरी उघडतात, असं म्हणत तिनं तो तुकडा पुराव्यासारखा खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि ती आत निघून गेली.

तो वायरमन. अंगानं काटकुळा, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर खोचलेला, म्हणून नावही टेस्टरच पडलेलं. शिडीवर उभ्या माणसाला दोन हात पुरत नाहीत. एका हातानं पंखा पेलायचा, दुसऱ्यात वायर, आणि उरलेली सगळी कामं तोंडाला. त्याच्या ओठांत स्क्रू असायचे, दातांत बॅटरी असायची. उजव्या दाढेखाली वायर धरून मानेला एक हलका झटका दिला की तांबं कसं लखलखीत बाहेर यायचं. एक तारसुद्धा तुटायची नाही. या दाढेवर कंपनीचा शिक्का हवा होता, असं त्याचा जोडीदार म्हणायचा, आणि टेस्टर ते कौतुक म्हणूनच घ्यायचा.

मग ती दाढ ठणकायला लागली. त्यानं दुखणं अंगावर काढलं, लवंग धरली, मफलर गुंडाळला. गाल टम्म फुगला तेव्हा बायकोनं त्याला हाताला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजवीकडच्या बाकीच्या दाढा आधीच गेलेल्या, चावायला ही एवढी एकच. ही गेली की कवळी. आणि कवळी म्हटलं की तो विषयच बदलायचा. त्याच्या वडिलांनी कवळी आल्यापासून कुणासोबत जेवणंच सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून बसायचे, ताट मांडीवर घेऊन.

रूट कॅनाल झालं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, गाल चावला तरी कळणार नाही. थोडे दिवस ठणकेल, गोळ्या वेळेवर घ्या. मऊ खा, डावीकडून चावा, ब्रश हलक्या हातानं फिरवा. वर भरलेलं सिमेंट तात्पुरतं आहे. ते निघालं किंवा परत सूज आली तर लगेच या. आणि मुख्य म्हणजे वर कायमची टोपी, म्हणजे कॅप, बसेपर्यंत या दाढेवर जोर नको, आतून पोखरलेली दाढ ठिसूळ असते.

त्यानं मान डोलावली. बायकोनं सगळं डोक्यात पक्कं केलं. त्याच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट शिरली होती, नस काढली. म्हणजे लाईन बंद. शिकाऊ होता तेव्हापासून हेच त्याच्या अंगात मुरलेलं, की लाईन चालू असेल तर हात आखडायचा आणि बंद असेल तर खुशाल घालायचा. ठणकणारी दाढ त्यानं जीवापाड जपली असती. पण ठणका चारदोन दिवसांत ओसरला. आता ती दुखतच नव्हती.

लाल तुकड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं त्याच्याच पिशवीतली काळी टेप कापून त्याच्या उजव्या गालावर चिकटवली. तोंड वासलं की ओढली जाईल, मग आठवेल, असा तिचा हिशोब. स्ट्रिपर दोरीनं त्याच्या पट्ट्याला बांधला. साइटवर जोडीदाराला आयतं खाद्य मिळालं. वहिनींनी आज अर्धंच दुकान बंद केलंय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. टेस्टरही हसला. हसताना टेप ओढली गेली, म्हणजे युक्ती चालत होती.

दुपारी तो छताच्या पोकळीत काम करत होता, जोडीदार खाली शिडी धरून. आत भट्टी. घाम डोळ्यांत उतरला तसा त्यानं बाहीनं चेहरा पुसला. मग पंख्याचा हूक एका हातात, वायर दुसऱ्यात, आणि पुढच्या क्षणी कानाच्या आत बारीकसं खट् झालं.

दुखलं काहीच नाही. वायर सोललेली होती, तांबं चकाकत होतं. त्यानं जीभ फिरवली. अर्धी दाढ बिजागरी निखळलेल्या दारासारखी हलत होती. गालाला हात लावला तर टेप नव्हती. ती बाहीला चिकटली होती.

"झालं का रे?" खालून जोडीदारानं विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

घरी त्यानं मऊ भात डावीकडून मुकाट्यानं खाल्ला. बायकोला वाटलं, शहाणा झाला. उद्या टोपी बसली की आपण दोघंही सुटलो, असं ती दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून परस्पर दवाखान्यात आला. ती रजा टाकून आधीच येऊन बसली होती. टोपी तयार होती. ट्रेमध्ये, छोट्या डबीत, अगदी त्याच्या दातांच्या रंगाची. बाईंनी आत पाहिलं, दाढ हलवून पाहिली, एक्स-रे काढला आणि त्यातली खाली मुळापर्यंत गेलेली चिरेची काळी रेघ दोघांना दाखवली.

"टोपी आता बसवायची कशावर?" त्या म्हणाल्या. "काढावीच लागेल. काय चावलंत?"

"वायर."

"दुखलं नाही?"

"दुखलं असतं तर सोडली असती, बाई."

त्या इंजेक्शन भरायला आत गेल्या. डोक्यावरचा दिवा मधूनच लुकलुकत होता, कुठेतरी जोड सैल होता. त्याच्या डाव्या हाताचा मळ. पण तो खुर्चीत उताणा पडला होता, गळ्याशी कागदी रुमाल बांधलेला, आणि करण्यासारखं त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

बायको बाजूला उभी होती. एरवी तिच्या तोंडाला तोंड देता देता त्याची दमछाक व्हायची. आज ती नुसती त्याच्या पट्ट्याला लटकलेल्या स्ट्रिपरकडे बघत होती.

"अगं, मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "कधी झालं ते मलाच कळलं नाही. तुला तरी पटतंय ना?"

ती वाकली. त्याच्या पट्ट्याला तिनंच मारलेली गाठ तिनं नखानं सोडवली, स्ट्रिपर दोरीसकट पर्समध्ये टाकला, डबीतल्या टोपीकडे एकदा पाहिलं आणि दार लोटून बाहेर निघून गेली.