रविवारी सकाळी दिसणारी आई

शेजारच्या दीर्घिकांमध्ये क्ष-किरणांचे काही अतितेजस्वी स्रोत आहेत. एखादं कृष्णविवर सोबतच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेतं, आणि आत पडताना ते द्रव्य लाखो सूर्यांइतकं तळपतं. यातले काही स्रोत भारी लहरी. आज दिपवतात, काही महिन्यांनी दुर्बिणीला दिसतही नाहीत. पुण्यात बसून मी या लहरींचा अभ्यास करते. दोन-चार वेळा पाहून एखादा विद्यार्थी 'स्रोत स्थिर आहे' असं लिहितो, तेव्हा मी त्याला फाडून खाते. मधल्या दिवसांत तो काय करत होता, हे पाहिलंस का, म्हणून.

आणि उंब्रजला आईला मी फक्त रविवारी सकाळी फोन करायची. ती वेळ माझ्या वडिलांनी, आबांनीच ठरवून दिलेली. आई छान बोलायची. ऊस, शेजारणीची सून, माझं वाढलेलं वजन. फोन ठेवला की मी आठवडाभर निश्चिंत.

परवा बुधवारी कराडला व्याख्यान होतं. ते लवकर आटोपलं, म्हणून दुपारी न कळवताच घरी गेले. आई ओसरीवर बसली होती.

"बसा की. कुणाकडं आलायसा?"

मला वाटलं, थट्टा करतेय. "तुमच्याकडंच," मी म्हटलं. ती अदबीनं हसली आणि आत वळून आबांना म्हणाली, "आवं, पावनी आल्यात. च्या टाका."

आबा नजर चुकवत चहा घेऊन आले. वर्षभर असं चाललंय, त्यांनी सांगितलं. सकाळी आई बरी असते, दुपारनंतर हरवते. रविवारी आबा तिला लवकर उठवायचे, वेणी घालून द्यायचे, गावातल्या चार गोष्टी आठवून द्यायचे आणि मग फोनपाशी बसवायचे.

मी आबांवर भडकले. त्यांची उमेदीची वर्षं फौजेत गेली. ड्युटीवरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लहानपणी मी मरता मरता वाचले, तेही त्यांना सुट्टीवर आल्यावरच कळलं होतं.

"मी काय सीमेवर होते का, आबा?"

"ड्युटी ती ड्युटी."

"एकदा तरी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं, तर आली असतीस व्हय?"

त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. यंदा माझा एक स्रोत अचानक उजळला होता आणि मी तहानभूक विसरून त्याच्यामागे होते. हो म्हणायला मला वेळ लागला, आणि तेवढ्यात मला माझीच शरम वाटली.

आईचा पदर सारखा करून आबा तिला हाताला धरून आत घेऊन गेले.