साडूचे सदतीस चाकू

बुऱ्हाणपुरात खिशात चाकू ठेवणारी माणसं पुष्कळ सापडतील. पण जवळ सदतीस चाकू असून ज्यानं त्यातल्या एकानंही कधी पेरूची फोड केली नाही, असा माणूस ताप्तीच्या दोन्ही काठांना मिळून एकच, आणि तो माझा साडू. एकदा त्यानं चाकू चालवला, ते मी पुढे सांगणार आहे, पण ते पेरूसाठी नव्हतं. वयानं तो माझ्याहून दोन वर्षं लहान; नात्यानं मात्र मोठा, कारण त्याची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. म्हणून तोंडावर 'तुम्ही, साडूभाऊ' आणि पाठीमागे 'तो', अशी रीत मी इतकी वर्षं सांभाळली आहे. मी चौथीपर्यंत शिकलो आणि जन्मभर केळी लावली. माझ्या लेखी चाकू म्हणजे कापायची वस्तू. जो कापत नाही तो चाकू नाही, लोखंडाचा तुकडा. हे मी त्याला हजार वेळा ऐकवलं, आणि तो हजार वेळा म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं."

तो पावरलूमवर जॉबर होता. बंद पडलेला माग नुसता कान लावून दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं ती खटखट ऐकून त्याचे कान गेले असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. अक्कानं, म्हणजे त्याच्या बायकोनं हाक मारली तर हा चौथ्या हाकेला ओ द्यायचा. पण तीन घरं पलीकडे कुणी घडीचा चाकू मिटला, तर त्याची 'टक' ह्याला बरोबर ऐकू यायची. आणि त्याला कुठलाही चाकू चालत नाही. जुना पाहिजे, घडीचा पाहिजे, मूठ हाडाची पाहिजे आणि तिच्यावर कोरीव काम पाहिजे. कुणावर वेलबुट्टी, कुणावर मोर, एकावर तर एकामागे एक पोहणारे पाच मासे. असा चाकू हातात आला की हा पातं बघतच नाही. मुठीवरून अंगठा फिरवत फिरवत झिजलेली जागा शोधतो, आणि सापडली की डोळे मिटून बसतो. म्हणतो, "इथं कुणाचा तरी अंगठा पन्नास वर्षं बसलेला आहे." मग मलाही तिथंच अंगठा लावायला लावतो. मी लावतो. मला काही होत नाही. पण एवढं खरं, की अंगठा त्या खळग्यात असा बसतो जसा खळगा आपलाच.

पैसे देऊन चाकू घ्यायचा नाही, वस्तूला वस्तू द्यायची, हा त्याचा नियम. ह्या नियमापायी त्याच्या घरात छत्री कधी टिकली नाही. माझ्या मुलाच्या लग्नात मी त्याला भारीपैकी शर्टपीस दिलं होतं. ते पुढे देडतलाईच्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या अंगावर, शिवून, बटणं लावून मला भेटलं. म्हाताऱ्यानं वर मला रामरामही केला. आणि चाकू विचारायला ह्याला जागा-वेळ कळत नाही. धूलकोटला एका ओळखीच्याचे वडील गेले, आम्ही दोघं बसनं भेटायला गेलो. दहा मिनिटं रीतीप्रमाणे गप्प बसलो. मग हा थोरल्या मुलाच्या कानाशी वाकून म्हणाला, "वडिलांच्या खिशात काय काय निघालं?" मुलगा चपापला. त्याला वाटलं, बाप मरण्याआधी ह्या माणसाला काहीतरी कबूल करून गेला. तो आत गेला, भावाभावांची कुजबूज झाली, आणि तिघं येऊन आमच्यासमोर हात जोडून बसले. शेवटी मामला उलगडला तेव्हा कोनाड्यातून त्यांच्या आजोबांचा चाकू निघाला, मुठीवर दोन मोर. भावांचा जीव इतका हलका झाला की बदल्यात काही न घेता त्यांनी चाकू दिला आणि वर आम्हाला मोटरसायकलवर बसस्टँडपर्यंत सोडलं. पण साडूनं नियम मोडला नाही. उतरताना डोक्यावरची टोपी काढून सोडायला आलेल्या पोराच्या हातात ठेवली.

आता खरी गोष्ट. पहिला चाकू त्यानं आणला तो माशांचा, आणि त्याच्या बदल्यात पायातल्या नव्या चपला दिल्या. अनवाणी घरी आला. अक्कानं दोन प्रश्न विचारले: चपला कुठं गेल्या, आणि ही मूठ कशाची आहे. पहिल्याचं उत्तर त्यानं खरं दिलं. एका दिवसात दोन खरी उत्तरं द्यायची त्याची ताकद नव्हती. अक्काचं सोवळं असं की कांद्याची टोपली देवघराच्या भिंतीला टेकलेली तिला चालायची नाही. तिथं हाड म्हटलं असतं तर चाकू आणि साडू दोघांचाही मुक्काम रस्त्यावर झाला असता. म्हणून हा म्हणाला, "हस्तिदंत आहे."

झालं. हस्तिदंत म्हणजे हत्तीचा, हत्ती म्हणजे गणपती. अक्कानं माशांवर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि चाकू पितळी ताटात देवघरापाशी ठेवला. नंतरचे सगळे तिथंच गेले. दर खंडेनवमीला ती ताटात झेंडूची फुलं मांडायची, मुठींना हळदीकुंकू वाहायची, गल्लीतल्या बायकांना दर्शनाला बोलवायची. बावीस वर्षं हे चाललं. खरं काय ते साडूनं फक्त मला सांगितलं होतं, माझ्या केळीच्या बांधावर, शपथ घालून. खंडेनवमीला मी त्यांच्याकडे प्रसादाला जायचो आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता शिरा खायचो.

गल्लीतल्या बायकांच्या तोंडून ही गोष्ट कुठं कुठं गेली असेल, देव जाणे. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसलो असताना खाकी कपड्यातली दोन माणसं दारात आली. जंगल खात्याची. त्यातला मोठा साहेब फार अदबीनं म्हणाला, "दादाजी, सुना है आपके यहाँ हाथीदाँत का सामान है." साडूचं तोंड उतरलं. पण तो काही बोलायच्या आत अक्का आतून ताट घेऊन आली. सरकार बघायला आलं म्हणून तिचा चेहरा नुसता फुलला होता. म्हणाली, "सदतीस आहेत बघा साहेब. सगळे अस्सल. ह्यांनी एक-एक करून जमवलेत."

साहेबानं वही काढली. कागदाशिवाय हस्तिदंत घरात ठेवणं गुन्हा आहे, जेल होते, असं त्यानं समजावून सांगितलं आणि साडूला सरळ विचारलं, हे हस्तिदंत आहे का. मी कोपरानं ढोसलं. एक शब्द बोलायचा होता, दोन अक्षरांचा. 'हाड' म्हटलं की सुटला. साडूनं माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, अक्काच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाला, "हस्तिदंतच आहे साहेब." आणि पायानं चपला चाचपायला लागला. अक्का म्हणाली, कुठं निघालात. तो म्हणाला, "ह्यांच्याबरोबर. येतो."

हट्टी माणसं मी पुष्कळ बघितली, एक तर रोज आरशात बघतो, पण बायकोच्या ताटातली फुलं कोमेजू नयेत म्हणून जेलात निघालेला माणूस मी तेव्हाच बघितला. मग मलाच बोलावं लागलं. "हाड आहे साहेब. उंटाचं असेल, म्हशीचं असेल." गाईचं नाही, हे मी माझ्या मनानंच ठोकून दिलं. हाडात बारीक काळे ठिपके असतात, हस्तिदंतात नसतात, हे साडूनंच मला शिकवलेलं. ते मी साहेबाला दाखवलं. त्यानं भिंग लावून एक-एक मूठ बघितली आणि वही मिटली.

अक्कानं ताट खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, साहेबाकडे नाही, नवऱ्याकडे बघून विचारलं, "बावीस वर्षं मी हाडांना हळदीकुंकू वाहिलं?" मग तिनं विचारलं, "आणि तुम्ही जेलात निघाला होता?" त्यानं पायात अडकवलेल्या चपला काढून ठेवल्या. ती म्हणाली, "घरात नाही." आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. चहात साखर दोनदा पडली होती. साहेबही तो मुकाट्यानं प्याला.

त्याच संध्याकाळी चाकू पत्र्याच्या पेटीत घालून बाहेर काढले. माझ्या घरातही पेटी आली नाही, कारण दोघी बहिणी एकाच आईच्या. शेवटी ती माझ्या केळीतल्या मोटरच्या खोलीत गेली. अक्कानं नियम घालून दिला: चाकूंना हात लावला तर कोपरापर्यंत हात आणि गुडघ्यापर्यंत पाय धुऊन यायचं. हा दारात आला की ती त्याच्या कोपराला बोट लावून बघायची, ओलं आहे का. ओलं असलं की घरात.

साडू रोज चार वाजता सायकलवर यायचा. पेटी उघडायची, मागाचं तेल चिंधीवर घेऊन पाती पुसायची, पेटी बंद करायची, मोटरच्या पाण्याखाली हातपाय धुवायचे आणि जायचं. पण माझ्याशी बोलायचा नाही. अकरा महिने. मी खरं बोललो ह्याचा त्याला राग नव्हता; परक्या माणसांसमोर अक्काचं तोंड उतरलं, ह्याचा होता. आणि मी तरी आधी का बोलावं? जेलातून मी सोडवला होता. तेव्हा एका खोलीत दोन म्हातारे, एक चाकू पुसतोय आणि दुसरा भिंतीकडे बघतोय, असं ते चाललं.

मग वैशाखात वादळ आलं. अर्धी बाग आडवी झाली, बाकीची कलली. भर दुपारी मी कललेली झाडं बांबूला बांधत होतो. विळा पडलेल्या झाडांखाली कुठं तरी गाडला गेला होता, म्हणून सुतळी दातानं तोडत होतो, आणि दात मला तेव्हाही मोजकेच होते. साडू त्या दिवशी चारची वाट न बघता आला. त्यानं बाग बघितली, मला बघितलं, खोलीत गेला आणि माशांचा चाकू घेऊन आला. पातं उघडलं आणि माझ्या हातातली सुतळी कापली. अंधार पडेस्तोवर मी बांधत होतो आणि तो कापत होता. शेवटी पातं धोतराला पुसून म्हणाला, "धार आहे हो अजून." मी म्हणालो, "चाकू आहे म्हटल्यावर असणारच." आमचं भांडण तिथं मिटलं.

मागच्या हिवाळ्यात अक्का गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी नव्हती. तेरा दिवस चारची सायकल आली नाही. पाती गंजू नयेत म्हणून मीच पेटी उघडून तेल लावत होतो. जन्मात जे केलं नाही ते केलं, आणि खळग्यांत अंगठेही लावून बघितले. तेव्हा मला दिसलं, कोरीव रेघांमध्ये पिवळं-तांबडं काहीतरी साचलं आहे. मळ समजून मी काडेपेटीच्या काडीनं ते कोरायला बसलो. चौदाव्या दिवशी तो आला. दारातूनच त्यानं काडी बघितली आणि हात पुढे केला. "राहू द्या ते."

"हळद आहे," मी म्हणालो. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.

"माहीत आहे."

इतकी वर्षं तो पाती आरशासारखी करायचा आणि मुठींना चिंधी लावायचा नाही. मी समजत होतो, आळस.

तो चाकू पुसत बसला. पेटी गेली की चारची सायकलही गेली, हे मला कळत होतं. पण धरून ठेवायला हात पुढे करणं आमच्या रक्तात नाही. म्हणून मीच म्हणालो, "आता न्या पेटी घरी. मला खताला जागा पाहिजे." खोली रिकामी होती, त्याला दिसत होती. त्यानं सदतीसच्या सदतीस चाकू पुसले, एक-एक मिटला, टक, टक, आणि कडी लावली.

"तिनं घरात नाही म्हटलंय ना."

"अहो, पण आता..."

"घर तिचंच आहे," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला बाहेर गेला.

अजून रोज येतो. जाताना कोपरापर्यंत हात आणि गुडघ्यापर्यंत पाय धुतो, आणि पुसत नाही, तसाच ओला सायकलवर बसतो. शेतातली लाईट कधी चारला असते, कधी नसते. नसली की मी आधीच एक बादली भरून मोटरच्या खोलीबाहेर ठेवतो. त्यानं कधी विचारलं नाही की कोण ठेवतं.