पाचवी पुन्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर — पण ते पुढे येईलच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या भाजी घेताना कोपऱ्यावर भेटणार नाही.

मुलाबद्दल आहे. नितीनबद्दल. तो तेव्हा पाचवीत होता.

मी टेलिफोन खात्यात होतो, येरवड्यात राहायचो. त्या काळात पुण्यात रोज कुठे ना कुठे कॉम्प्युटरची कंपनी उघडायची आणि लाइन जोडायला आम्हाला बोलवायची. थंडगार काचेच्या खोल्या, माझ्या निम्म्या वयाची पोरं, गळ्यात ओळखपत्रं, फाडफाड इंग्रजी. मी टेबलाखाली वाकून वायर ओढायचो आणि त्यांचे बूट बघायचो. एकदा एकाला सहज विचारलं, तुमची शाळा कुठली? त्याने घाटातल्या एका निवासी शाळेचं नाव सांगितलं. ते नाव घेऊन मी घरी आलो आणि ते काही डोक्यातून निघेना.

त्या शाळेत प्रवेश फक्त सहावीत. पाचवीत असताना परीक्षा द्यायची. नितीनने दिली, थोडक्यात हुकली. मग क्लासच्या सरांनी वाट दाखवली — पाचवी पुन्हा करू द्या, वय बसतंय, पुढच्या वर्षी परत बसेल. सगळे तेच करतात, म्हणाले. क्लासमध्ये तशी मुलं खरंच होती. त्यांचे आईबाप त्याला 'रिपीट मारणं' म्हणायचे, जसं काही स्कूटरला दुसरी किक मारायची आहे.

मंदा, माझी बायको, नाखूश होती. "अहो, त्याला नीट समजावून सांगा," एवढंच म्हणाली. "त्याचे मित्र पुढे जातील." सांगतो म्हणालो.

समजावणं अवघड होतं, हे खरं. नितीनला सहावीची घाई झाली होती. सहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर, खिडकीतून मैदान दिसायचं. त्याने आणि शेजारच्या अमोलने बाकसुद्धा ठरवून ठेवला होता. त्याला काय सांगणार होतो मी — की तू पास झालास, पण पुढे जायचं नाही? रडला असता, अडून बसला असता. म्हणून मी — नाही. हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय. आता सांगायलाच बसलोय तर पुरतं सांगतो. मला वाटलं, पोरगं घाबरलं तर नेटाने अभ्यास करेल.

निकालाच्या दिवशी त्याला गेटपाशी उभं केलं आणि एकटा आत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी मागे ठेवण्याचा माझा अर्ज घेतला, निकालपत्र हातात दिलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चांगले मार्क आहेत. बाकी, आपली इच्छा." त्या 'आपली इच्छा'चा अर्थ न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. बाहेर आलो. नितीन चिंच चोखत उभा होता. मी त्याला म्हणालो, "तू नापास झालास."

काय वाटलं असेल हो त्याला? मी विचारलं नाही. तो रडलाही नाही. अर्धी चिंच त्याने हळूच खिशात ठेवली आणि म्हणाला, "आता सगळ्यांना काय सांगायचं?"

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, घाबरू नकोस, आई तुला काही बोलणार नाही, तूही तिच्याजवळ विषय काढू नकोस. आणि बाकी कुणी विचारलं तर सांगायचं — त्या शाळेसाठी मला मुद्दाम मागे ठेवलंय. घरी येऊन मंदाला म्हणालो, समजावलंय, पण त्याला लागलंय, तू काही विचारू नकोस.

आलं ना लक्षात? जे खरं होतं, तेच मी त्याच्या हातात थाप म्हणून दिलं. वर्षभर तो अमोलला, मामाला, किराणा दुकानदाराला खरं तेच सांगत राहिला — आणि दर वेळी त्याची मान खाली गेली. लोक म्हणायचे, पोरगं लाजाळू आहे.

पुढच्या वर्षी त्या शाळेच्या परीक्षेत तो आधीपेक्षाही खाली गेला. पेपर देऊन बाहेर आला तेव्हाच म्हणाला होता, "येत होतं बाबा. पण वाटलं, चुकलंच असेल. म्हणून खोडलं." ते ऐकूनही मी गप्प राहिलो. तेव्हा सांगितलं असतं तर? तेव्हा वेळ होती. पण मग त्याच्या नजरेत मी कोण उरलो असतो — मला त्याचीच काळजी पडली होती. निवासी शाळा राहिलीच. आपल्या जुन्याच शाळेत, अमोलच्या एक वर्ष मागे, तो दहावी झाला. अमोल जिन्यात भेटायचा. पुढे पुढे नितीन दुसऱ्या जिन्याने जायला लागला.

आज तो खराडीला एका आयटी कंपनीत आहे. नोकरी चांगली आहे. पण ज्यांना त्याने काम शिकवलं ती पोरं त्याच्या वर गेली. बढतीसाठी स्वतःहून बोल की, म्हटलं तर हसतो. "मी स्लो आहे, बाबा. पाचवीपासूनच." मंदा गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, मी त्याला समजावून सांगितलं होतं.

परवा माझी नात सई गणिताच्या चाचणीत नापास झाली आणि दार लावून बसली. नितीनने तिला बाहेर आणलं, शेजारी बसवलं. म्हणाला, "अगं, मी तर अख्खी पाचवी नापास झालो होतो. आजोबा एका शब्दाने बोलले नाहीत मला. डोक्यावर हात ठेवला. वर लोकांना सांगायला कारणही शोधून दिलं, मुद्दाम मागे ठेवलंय म्हणून. ते तसे वागले म्हणून मी निभावलो."

मी समोर चहा घेत होतो. तोंडातून निघून गेलं, "अरे, तू नापास नव्हतासच. आम्ही खरंच मुद्दाम ठेवलं होतं."

नितीन हसला. फार मायेने हसला. "बघितलंस, सई? अजून तेच सांगतात."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. शपथ घेऊन, ओरडून सांगायला हवं होतं. ते निकालपत्र मी त्याच दिवशी पुलावरून नदीत टाकलं होतं, दाखवायला काही नव्हतं — पण तोंड तर होतं ना मला? सई उठून माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच बोललो नाही. नितीन माझ्याकडे कौतुकाने बघत होता.