आत्याने न प्यायलेलं पाणी

आमच्या घराण्यात आत्याने मुलाच्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय एकही लग्न ठरलं नाही. पगार, शेती, फ्लॅट हे प्रश्न पुरुषमंडळींनी विचारायचे. आत्या फक्त "तहान लागली बाई" म्हणायची आणि कुणी उठायच्या आत "तुम्ही बसा, मी घेते" म्हणत थेट स्वयंपाकघरात जायची. पेला घेऊन बाहेर आली की तिचं मत झालेलं असायचं. एका ठिकाणी तिने नकार दिला, कारण त्या घरच्या थोरल्या सुनेचा चहाचा कप सगळ्यांच्या कपांपासून वेगळा, मोरीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला होता. वडील म्हणाले, "एका कपावरून?" ती म्हणाली, "अरे, कप तिने स्वतःहून तिथे ठेवला असेल का?"

ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मिरजेला नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. २००७च्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे जर्मनीत आली. मी आखनला एका कारखान्यात मोजमाप विभागात होतो. यंत्राचा भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याने चुकला तरी तो परत पाठवायचा, हे माझं काम. त्यामुळे "मला त्या रेगेन्सबर्गचा जुना पूल बघायचाय" असं आत्या म्हणाली, तेव्हा हिशेब लगेच जुळला. माझ्या बहिणीची, शैलाची मुलगी अनघा हिचं लग्न रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यातल्या मंदारशी ठरल्यातच जमा होतं. साखरपुडा दिवाळीत होता. मुलगा एकदा रजेवर येऊन मुलगी बघून गेला होता, पण त्याच्या जर्मनीतल्या घरचं पाणी अजून कुणी प्यायलं नव्हतं.

आमच्या मुलीची शाळा असल्यामुळे माझी बायको आखनलाच थांबली. आत्याला घेऊन मी चार दिवसांसाठी निघालो. रेगेन्सबर्गच्या स्टेशनवर मंदार हजर होता. उंच, शांत, वाकून नमस्कार करणारा. आत्याची बॅग त्याने माझ्या हातात येऊच दिली नाही. मला मुलगा तिथेच पसंत पडला.

त्याने गाव मन लावून दाखवलं. डोनाऊ नदीवरचा दगडी पूल, दोन मनोऱ्यांचं डोम म्हणजे तिथलं मोठं चर्च, अरुंद गल्ल्या, जुन्या व्यापाऱ्यांनी बांधलेली बुरुजांसारखी उंच घरं. "ह्या बुरुजांचा वापर काहीच नव्हता, आत्या. नुसती श्रीमंती दाखवायला." आत्या म्हणाली, "म्हणजे शेजाऱ्याला जळवायला मजले चढवले. आमच्या कॉलनीत आहेत तसले." मंदार हसून "गेनाऊ!" म्हणाला, म्हणजे 'अगदी बरोबर!' त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर हे 'गेनाऊ' यायचं. दुसऱ्या दिवशी आत्याच मला, मी दुकानात बिल तपासत असताना, म्हणाली, "गेनाऊ आहे ना? मग चल आता."

आत्याला तहान मात्र वारंवार लागत होती. "तुझं घर इथून जवळच ना रे?" मंदार लगेच दुकानातून बाटली आणून द्यायचा. "घर आवरलेलं नाही, आत्या. उद्या नक्की." दोन दिवस झाले, तो उद्या आला नाही. मी म्हटलं, "एकटा राहतो, पसारा असेल." 

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका बेकरीबाहेरच्या बाकावर बसलो. मंदारने तिघांना तीन ब्रेत्सेल आणले, पिळाच्या पावासारखा तो प्रकार, वर जाड्या मिठाचे खडे. बोलता बोलता त्याने आपल्या ब्रेत्सेलचे दोन भाग केले, एका भागावरचं मीठ नखाने नीट खरवडून काढलं आणि तो भाग कागदावर डाव्या बाजूला ठेवला. त्या बाजूला कुणीच बसलेलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने तो तुकडाही घाईने खाऊन टाकला.

हॉटेलच्या खोलीवर परतल्यावर आत्याने विचारलं, "मीठ कुणासाठी खरवडलं त्याने?"

"स्वतःसाठीच. ब्लडप्रेशर असेल घराण्यात."

"मग दुसऱ्या अर्ध्यावरचं का नाही खरवडलं?"

मोजमाप विभागातल्या माणसाने ते दोन अर्धे ताडून पाहिलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दगडी पुलावर उभे होतो. कमानींखालून पाणी भोवरे करत जात होतं. आडून विचारणं हा जिचा हातखंडा, त्या आत्याने कठड्यावर हात ठेवून सरळ विचारलं, "मंदार, तिला मीठ आवडत नाही का रे?"

मंदारचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही सांगितलं होतं. मग हळूच म्हणाला, "नाही आवडत."

ती मुलगी इथलीच होती, त्याच्याच कारखान्यात. दोघं एकत्र राहायला लागून दोन वर्षं झाली होती. ती काही दिवस आईकडे राहायला गेली होती, तिच्या वस्तू मात्र घरात होत्या. मंदारच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं. आपण होकार दिला की हळूहळू सगळं मागे पडेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं. "पण आत्या, मी अनघाला काही कमी पडू देणार नाही. शप्पथ सांगतो."

 मला वाटलं, आता आत्या त्याला फाडून खाणार. पण ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांनीही मला काही कमी पडू दिलं नाही. त्यांचं मन दुसरीकडे होतं, वडिलांच्या धाकाने माझ्याशी लग्न केलं. पहिल्या वर्षीच कळलं मला. तीस वर्षं संसार केला. कधी आवाज चढवला नाही, कधी भांडले नाहीत. भांडायला तरी माणूस जवळचं लागतं ना रे!"

काकांना मी ओळखत होतो. देवमाणूस म्हणायचे त्यांना. आत्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि कुठे बघावं ते मला कळेना.

मी मार्ग काढायला गेलो. म्हटलं, "आत्या, आपण पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणू. कुणाचाच बोभाटा नको."

"आणि हा पुढच्या वर्षी दुसरी मुलगी बघायला जाईल. तिच्यासाठी कोण येणार आहे पूल बघायला?" मग मंदारकडे वळून, "फोन आहे ना खिशात? लाव बाबांना. आम्ही तिकडे उभे राहतो. पण गाव सोडून जात नाही हो आम्ही."

आम्ही पुलाच्या टोकाला जाऊन थांबलो. मंदार फोन कानाला लावून दोन दिव्यांच्या मधे येरझारा घालत होता. मधेच थांबला, कठड्यावर वाकला. त्याच्या वडिलांना काही झालं तर त्याचं पाप आपल्या माथी, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. आत्याचे ओठ हलत होते, बहुधा रामरक्षा चालली असावी.

तो आला तेव्हा डोळे लाल होते, पण खांदे उतरलेले, सैल. "बाबा आधी खूप चिडले. मग रडले. मग म्हणाले, मुलीच्या घरी फोनवर नाही सांगायचं, मी स्वतः जाऊन माफी मागतो."

"चांगला माणूस आहे," आत्या म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली.

मंदारचे बाबा दुसऱ्या दिवशी सकाळीच खरोखर शैलाकडे जाऊन आले. त्यानंतर शैलाचा फोन आला. तो मला कानापासून लांब धरावा लागला. "आत्या, गाव बघायला गेली होतीस की लग्न मोडायला?"

"दोन्हीला," आत्या म्हणाली. शैलाने पुढे वर्षभर तिच्याशी धड बोलणं केलं नाही.

पण त्या दिवशी शैलाच्या हातून अनघाने फोन घेतला. आवाज रडवेला होता. "आत्याआजी, तो फोनवर नेहमी चांगलंच बोलायचा गं. पण ठेवला की मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आईला सांगितलं तर ती म्हणायची, होईल सवय." मग नाक ओढत म्हणाली, "माझ्यात नव्हतं ना काही?"

"नव्हतं गं बाई," आत्या म्हणाली. "तुझ्यात कसलं कमी असणार?" हे वाक्य ती तीनदा म्हणाली. शेवटच्या वेळी ते अनघासाठीच होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

चौथ्या दिवसाचा उरलेला वेळ मोकळा होता. आत्याने डोमकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, एवढं उंच आहे हे? आधी का नाही सांगितलंस?" तीन दिवस आम्ही त्याच चौकातून जात-येत होतो. रंगीत काचांखाली ती लाल-निळ्या उजेडात बराच वेळ उभी राहिली. गल्लीत एका बाईच्या खिडकीतली फुलं बघून तिच्याशी मिरजेच्या मराठीत बोलली. ती बाई जर्मनमध्ये बोलली. दोघींचं छान जमलं.

दुपारी आम्हाला बोटीने नदीकाठच्या टेकडीवरचं मोठं स्मारक बघायला जायचं होतं. तिकिटं मी काढून ठेवली होती. बोटीची वाट बघत आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसलो. ऊन सौम्य होतं. मी वळून बघितलं तर आत्याला झोप लागली होती. पर्स मांडीवर, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. आमच्याकडे आल्यापासून ती पहाटे चारलाच उठून बसायची. घरी मिरजेलाही तसंच, हे मला माहीत होतं. इतकी गाढ झोपलेली आत्या मी कधी पाहिली नव्हती.

बोट आली. माणसं चढली. तिकीट तपासणाऱ्याने माझ्याकडे बघून हाताने विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि आत्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून थोडा सरकून बसलो.