संकटासाठी राखून ठेवलेला फोन

आमच्या घरात पहिला मोबाइल आला तो माणसांसाठी नव्हे, गाडीसाठी. शेजारपाजारचे लोक नवा फोन शर्टाच्या खिशात, अर्धा बाहेर दिसेल असा मिरवायचे. आमचा मात्र माझ्या ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाच्या पिशवीत, गाडीच्या पुढच्या कप्प्यात पडदानशीन होऊन बसायचा. त्याला कोणी हात लावायचा नाही. तो संकटासाठी होता. संकट कधी येणार हे आमच्या ह्यांनाही ठाऊक नव्हतं, पण ते येईल तेव्हा फोन चार्ज नाही असं होता कामा नये, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गाडी सेकंडहँड आणि तिच्यातलं चार्जर लावायचं भोक मेलेलं. त्यात नांदेडचा उन्हाळा. बंद गाडीत बॅटरी फुगेल ही ह्यांची भीती. त्यामुळे गाडी घरी आली की फोन उतरायचा आणि गाडी निघायची झाली की सगळ्यांच्या आधी फोन जाऊन बसायचा. वर लोडशेडिंग. वीज आली की स्वयंपाकघरातल्या एकुलत्या चांगल्या प्लगवर पहिला मान फोनचा, आणि मी मिक्सरचं भांडं हातात धरून रांगेत. मी म्हणायचे, अहो, तो भरलेलाच आहे. हे म्हणायचे, "भरलेला हाय म्हणजे काय, तो काल भरला होता."

ह्या वेडाला कारण होतं आणि ते मला माहीत होतं, म्हणून मला धड भांडताही यायचं नाही. भूकंप झाला तेव्हा ह्यांच्या मोठ्या बहीण, आमच्या आक्का, लातुरात होत्या. रेडिओवर नुसतं लातूर, लातूर चाललेलं. हे सकाळपासून एसटीडी बूथवर. नंबर फिरवायचे आणि कानात काहीच यायचं नाही, घंटीसुद्धा नाही. शेवटी मिळेल त्या ट्रकने, जीपने दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, तर आक्का घरासमोर रस्त्यात खाट टाकून तांदूळ निवडत बसलेल्या. भिंतींना तडे, माणसं धड. हे तिथेच मटकन खाली बसले. आक्कांनी विचारलं, जेवलास का. माणूस परत आला, पण कानातली ती शांतता काही ह्यांच्या कानातून गेली नाही.

तर फोन आला आणि त्याच्यामागे नियम आले. आक्कांनीही मोबाइल घेतला होता. आम्ही लातूरला निघालो की त्यांना एक मिस कॉल द्यायचा: निघालो. अहमदपूरला चहाला थांबलो की दुसरा. लातूर जवळ आलं की तिसरा: कुकर लावा. आक्का सुरुवातीला घंटी नुसतीच वाजू द्यायच्या. ह्यांनी त्यांना शिकवलं की लगेच कट करायचं, म्हणजे निरोप पोचल्याचं आम्हाला कळतं. एकदा त्यांनी चुकून फोन उचलला तर स्वतःपेक्षा मोठ्या बहिणीला ह्यांनी फोनवरच झापलं. तेव्हापासून आक्का अशा तयार झाल्या, की घंटीला पुरता आवाज फुटायच्या आत तिचा गळा धरायच्या.

मुलीची दहावी झाली आणि तिने लातूरचा ध्यास घेतला. त्या दिवसांत अख्ख्या मराठवाड्यातली हुशार पोरं लातूरच्या क्लासेसकडे निघालेली असायची. तिला एका क्लासच्या निवडक बॅचमध्ये बसायचं होतं. त्यासाठी चाळणी परीक्षा होती, आणि अकराला गेट बंद झालं की कोणालाही आत घेणार नाही, असं पत्रकावर ठळक छापलेलं. सगळी सुट्टी पोरीने मेणबत्तीपुढे काढली होती. आम्ही तिला ढकललं नव्हतं. तिचं तिलाच हवं होतं.

परीक्षेच्या सकाळी आम्ही वेळेत निघालो. अहमदपूरचा चहा झाला, मिस कॉल झाला, आक्कांनी कट केला. शिरूर ताजबंद मागे पडलं आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला जाऊन बसली ती बसलीच. ह्यांच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली की आनंद, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. त्यांनी कप्पा उघडला. पिशवीची नाडी सोडली. पुजाऱ्याने देवाचं वस्त्र काढावं तसा फोन बाहेर काढला. आक्कांच्या यजमानांकडे जीप होती. ती आली की आपण निघालोच, म्हणाले, याच्यासाठीच ठेवला होता.

त्यांनी फोन लावला. आक्कांनी कट केला. पुन्हा लावला. कट.

मेसेज टाका म्हणावं तर आक्का मेसेज उघडायच्या नाहीत. दुसऱ्या कोणाला लावा म्हणावं तर ह्या संकटमोचकाच्या पोटात नंबर एकच भरलेला. इकडे आम्ही रस्त्यावर उकडत होतो, आणि तिकडे आक्का काय करत होत्या ते मला नंतर कळलं: पहिल्या घंटीला त्यांनी कुकर लावला, दुसरीला पोळ्यांची कणीक मळायला घेतली, मग आम्ही गल्लीत वळलो असं समजून अंगण झाडलं. आम्ही जितका जीव तोडून फोन करत होतो तितके त्यांच्या हिशेबाने घराजवळ येत होतो.

माझा संताप बॉनेटच्या वर गेला. आणि ह्यांचा चेहरा बघावा तर शांत. मला म्हणतात कसे, "घंटी जाऊन राहिली ना. कापून राहिली म्हणजे आक्का घरी हाय, ठीक हाय."

"अहो, आक्का ठीक आहेत. पोरीचा पेपर बुडून राहिला."

दोन एसट्या दारापर्यंत भरलेल्या, न थांबता निघून गेल्या. मुलगी सरळ रस्त्यावर गेली आणि हात आडवा करून तिने एक टेम्पो थांबवला. तुरीची पोती दालमिलला चालली होती. ड्रायव्हर म्हणाला, केबिनमध्ये दोघींपुरती जागा आहे, तिसऱ्याला पोत्यांवर बसावं लागेल. हे गाडी सोडायला तयार नव्हते. थांबा, आता लागतोच, म्हणाले.

"पप्पा, तुम्ही लावत राहा," मुलगी म्हणाली. "आम्ही जातो."

टेम्पोवाल्याने गाडी अशी हाणली की तुरीची तिथेच डाळ झाली असेल. आम्ही पोचलो तेव्हा वॉचमन गेट ओढत होता. मी आपली, ओढणी नीट कर, पेन बघ, असं काही म्हणेपर्यंत पोरगी त्या फटीतून आत गेली आणि गेट लागलं. मी रिक्षा करून आक्कांकडे गेले.

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात. माझ्या मागे वाकून बघतात तर कोणीच नाही. बाकीचे कुठे, काय घोटाळा, असं त्या विचारत होत्या, मी सांगत होते, आक्कांचे यजमान जीपची किल्ली शोधत होते, तेवढ्यात फोन वाजला. सवयीने आक्कांचा अंगठा बटणाकडे निघाला. मी झडप घालून फोन काढून घेतला आणि हॅलो म्हटलं.

 पलीकडून अगदी घाबरलेला आवाज आला. "उचलला कामून? काय झालं?"

"मी आहे. ती आत गेली."

"वेळेत?"

"गेट लागता लागता."

आणि मग ज्या माणसाने सख्ख्या बहिणीला फोनवर कधी दोन शब्द बोलू दिले नव्हते, त्याने मला उभं करून विचारायला सुरुवात केली. घाबरली होती का, पाणी घेतलं का, तुरीची कूस लागून अंग तर खाजत नाही ना. मीही कशाला सोडते. टेम्पोवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. गेटमधून कशी सुळकन गेली तेही सांगितलं.

"मागं वळून बघितलं?"

"एकदासुद्धा नाही."

"हाव?" हे म्हणाले. आणि लगेच, "कशी गेली म्हणलीस? परत सांग."

मी परत सांगायला लागले. माझ्या गोष्टीतला टेम्पो अजून चाकूरलासुद्धा पोचला नव्हता, तेवढ्यात पलीकडचा आवाज गेला. चार्जिंग संपलं होतं.

आक्कांच्या यजमानांना किल्ली सापडली होती. गाडी नेमकी कुठे आहे, त्यांनी विचारलं. शिरूरच्या अलीकडे, मी म्हटलं, फोन हातात धरून कोणी रस्त्यात हसत उभं दिसलं तर तिथे थांबा.