ताईचा सुटलेला उपोसथ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आमच्या लग्नाला इतकी वर्षं झालीत की तिला न सांगितलेलं माझ्याजवळ फारसं काही उरलेलंच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ताईला ओळखत नव्हता, म्हणून असेल. जे ओळखायचे त्यांच्यासमोर बसलो की हे तोंडातून निघत नाही.

आमच्या खानदानात किस्से सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, नामकरण असो, जेवणं आटोपली की कोणीतरी खुर्ची सरकवतं आणि म्हणतं, सुधीर, होऊन जाऊ दे. ताईचे तर माझ्याकडे कितीतरी किस्से. नवी नवरी होऊन भिलाईत आली तेव्हा ती भाजीवालीशी शुद्ध नागपुरीत भांडली, भाजीवाली छत्तीसगढीत भांडली, आणि एकीचं दुसरीला एक अक्षर न कळता दोघींची जन्माची मैत्री झाली. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. एक किस्सा तेवढा गाळतो.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली, म्हणून अर्धी आईही तीच. भाऊजी इथल्या स्टील प्लांटमध्ये होते. ते गेल्यावर ती स्मृति नगरात मुलाजवळ, अमितजवळ राहायची. मी वैशाली नगरात. मधे एवढंसं अंतर, तरी रविवारी मी गेलो नाही की सोमवारी फोन — जिवंत हायेस का रे?

तिला एकच हौस होती. साड्यांची नाही, दागिन्यांची नाही — उपोसथाची. पौर्णिमेला पांढरी साडी नेसायची, दुपारी बाराच्या आत जेवण उरकायचं, मग दुसऱ्या सकाळपर्यंत अन्न नाही. संध्याकाळी विहारात वंदना. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत तर अष्टमी, अमावस्यासुद्धा सोडायची नाही. विहारात पहिल्या रांगेत, भिंतीच्या कडेला तिची जागा ठरलेली. तिथे मांडी घालून, डोळे मिटून बसली की तिचा चेहरा असा व्हायचा — आता मी कसं सांगू? दिवसभर कामात वाकलेली बाई, आणि त्या वेळी कोणाचीच नसायची. ना आई, ना सासू, ना माझी ताई. मला ते पाहायला आवडायचं. वंदना मला अर्धीच पाठ, पण तिला पाहायला जायचो.

मग तिचे गुडघे दुखायला लागले. विहारातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी मागे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून घेतल्या. ताईला म्हटलं, तूही बस. तर म्हणाली, खुर्चीवर बसून वंदना कराले मी का पिच्चर पाह्याले आली?

इथे माझी ओळख सांगायला हवी. घरात मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. बारावीला जीवशास्त्र होतं, मेडिकलच्या परीक्षेला बसलो होतो, आणि ज्या जोमाने बसलो त्याच जोमाने आपटलो. प्लांटच्याच एका मिलमध्ये मेन्टेनन्सला लागलो. पण पदवी घरच्यांनी दिली ती दिली. कोणाच्या पर्चीवर काय लिहिलंय, कोणती गोळी कशाची, विचारा डॉक्टरला. आणि आम्हा प्लांटवाल्यांकडे गोळ्यांना काय तोटा? प्लांटच्या दवाखान्यातून भरभरून मिळतात, बरं वाटलं की उरतात, आणि उरलेल्या फेकायच्या कशा? माझ्याकडे मिठाईचा एक डबा होता, त्यात सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या. ज्याचं जे दुखेल त्याला त्यातून मी देत असे. चष्मा नाकावर ओढून, गोळ्यांचा पत्ता उजेडात धरून. केवढा रुबाब होता माझा.

त्या वर्षी माझी कंबर धरली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दुखण्याची, सुजेची गोळी लिहून दिली. तरुण बाई, पण नीट समजावून सांगणारी. ही जेवल्यावरच घ्यायची, रिकाम्या पोटी अजिबात नाही. पाच दिवस, पुढे मला विचारल्याशिवाय नाही. सोबत दुसरी दुखण्याची गोळी घ्यायची नाही. पोटात जळजळ झाली, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर बंद करून लगेच या. बीपी, किडनी, अल्सर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का — हे सगळं विचारून मगच लिहिली. आणि शेवटी म्हणाल्या, ही दुसऱ्या कोणाला देऊ नका. मी मान डोलावली. म्हणजे — ऐकलं नव्हतं म्हणायचीही सोय नाही. प्रत्येक शब्द ऐकला होता. आजही पाठ आहे, वंदनेपेक्षा पक्का.

दोन दिवसांत माझी कंबर सरळ झाली. पत्ता उरला.

वर्षावास लागला होता. रविवारी ताईकडे गेलो तर ती जमिनीवरून उठताना भिंत धरून उठली. मी खिशातून पत्ता काढला — काढला म्हणजे, मिरवला. सकाळ-संध्याकाळ एक-एक, गुडघे पळायला लागतील, म्हटलं. तिची हृदयाची गोळी, रक्त पातळ करायची, रोजची चालू होती. ती मीच तिला मेडिकलमधून आणून देत असे. मला आठवलं नाही? आठवलं. मनात म्हटलं, एवढ्याशाने काय होतं. मोठ्या दवाखान्यातल्या गोष्टी, सगळ्यांनाच सांगत असतील.

जेवून घेजो, एवढं मात्र सांगितलं. ती म्हणाली, आज तं उपोसथ हाय रे, संध्याकाळी कुठलं जेवण?

आणि मी, डॉक्टर, काय म्हणालो? — मंग बिनादुधाच्या चहासंग घे. काई होत नाई.

गुडघे खरंच हलके झाले. मला वाटतं ते तिचे फार आनंदाचे दिवस होते. मांडी घालून बसायची, उठायची, दुसऱ्या बायकांना हात द्यायची. मला फोन करून सांगायची, तुही गोळी म्हणजे जादू हाय. पत्ता संपला तेव्हा मी डब्यातून दुसरा दिला. पाच दिवस कुठे राहिले, कोणास ठाऊक.

एका सकाळी तिला उलटी झाली. चहाच्या गाळासारखी, काळपट. स्वयंपाकघरातच चक्कर येऊन पडली. अमित आणि मी तिला दवाखान्यात नेलं. पांढरीफटक पडली होती, बोलवत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, दर्द की गोली खाती हैं क्या?

अमितने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं. त्याने पाहिलं ते आपल्या घरच्या डॉक्टरकडे.

मी म्हणालो, नहीं साहब.

तेवढंच. दोन शब्द. का? मला विचारू नका, म्हणजे — मीच सांगतो. लाज वाटली. भाच्यासमोर, त्या डॉक्टरसमोर. ताई मरते की जगते हे ठरत होतं आणि मी माझ्या मिठाईच्या डब्याची अब्रू सांभाळत होतो.

तिला रक्त दिलं, दुर्बीण टाकली, पोटात जखम निघाली. ती वाचली. ती शुद्धीवर यायच्या आत मी स्मृति नगरात तिच्या घरी जाऊन तिच्या उशाखालचा पत्ता काढून आणला होता. नंतर तिला म्हटलं, त्या गोळीचं बोलू नको ताई, आता घ्यायचीच नाहीये तर उगाच कशाला. ती बरं म्हणाली. मी सांगतो ते तिला खरंच वाटायचं.

आता जखम झाली म्हणजे कारण लागतं. दुखण्याची गोळी नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं आणि अमितने उपोसथाचं सांगितलं. कारण सापडलं. घरी आल्यावर तो तिच्या पायाशी बसला आणि रडला. मम्मी, बस हुआ. भूखे रहने से तुले काय मिळते? पुन्हा उपोसथ धरशील तर मीही जेवणार नाही. त्याचं काय चुकलं? आई गमावता गमावता राहिली होती त्याची.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बरोबर बोलतोय तो.

पांढरी साडी पेटीत गेली. विहारात ती अधूनमधून जायची, पण मागे, खुर्चीवर. उपोसथ न धरता पुढं बसाले बरं नाई वाटत, म्हणायची. पौर्णिमेच्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो की सूनबाई गरम पोळी वाढायची, आणि ताई ती पोळी समोर घेऊन बसून राहायची. विहारातल्या लाऊडस्पीकरवरून वंदना ऐकू यायची. तिचे ओठ हलायचे. घास हातातच.

मी एकदा त्याच डॉक्टरीणबाईंना विचारलं. ओळखीतल्या एका बाईंचं म्हणून. त्या म्हणाल्या, रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ही गोळी, तीही इतके दिवस — मग असंच होतं. नुसत्या एका वेळच्या उपवासाने नाही. जखम भरली असेल, तपासून घेतलं असेल, तर त्या बाईंना त्यांचा उपवास अधूनमधून करायला हरकत नसावी. डॉक्टरांना खरं काय ते सांगून विचारा म्हणावं.

म्हणजे मला माहीत होतं.

त्यानंतरच्या वर्षावासाची गोष्ट. ताईची जखम भरली होती, तपासणी झाली होती. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती, मी बाजूला. सूप खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता, लहान पोरीने बापाला विचारावं तसं तिने विचारलं, काऊन रे सुध्या, वर्षातून एखादी पौर्णिमा धरली तं चालन का मले? येकच. तू म्हणशीन तं अमित आयकन.

अमितने ऐकलं असतं. पण त्याने विचारलं असतं, मग तेव्हा कशाने झालं होतं?

मी म्हणालो, नको ताई. तुह्या पोटाले नाई झेपनार.

तिने मान हलवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात ती हृदयाच्या दुखण्याने गेली. त्या पौर्णिमेबद्दल तिने मला परत कधीच विचारलं नाही.

चाललं असतं तिला.